इमारत होईल हो, पण आत काम कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं हे सगळ्यांना आठवतं, पण त्याच दिवशी तिथेच राष्ट्रीय वन हेल्थ (म्हणजे ‘एक आरोग्य’) संस्थेची पायाभरणी पण झाली, ११० कोटींच्या वरचा प्रकल्प, हे किती जणांच्या लक्षात आहे विचारा. माणसाचे आजार, जनावराचे आजार आणि आजूबाजूचं जंगल-पाणी हे वेगवेगळं बघायचं नाही, एकत्र बघायचं, असा साधा विचार आहे त्यामागे. विचार उत्तमच आहे. मी बरीच वर्षं जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतोय, त्याआधी सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएससी, म्हणजे आमची पदव्युत्तर डिग्री, केलीय, त्यामुळे असं काही आपल्या राज्यात होतंय याचा मला आनंदच झाला. फक्त एक प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, की तिथे बसून काम करणारी पोरं-पोरी आत्ता, या घडीला, कुठे तयार होतायत? कारण संशोधक काही टेंडर काढून मिळत नाही, त्याला दहा-बारा वर्षं लागतात आणि ती वर्षं कुठल्यातरी कॉलेजच्या लॅबमध्येच जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारावीनंतर व्हेटरनरीची डिग्री साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मग दोन वर्षं एमव्हीएससी, मग तीन वर्षं पीएचडी, कागदावर तीन, प्रत्यक्षात चार-पाच समजा. आपल्याकडे परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ ही कॉलेजं आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था, सगळं नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. लोकांना वाटतं जनावरांचा डॉक्टर म्हणजे इंजेक्शन आणि कृत्रिम रेतन, एवढंच. पण याच पोरांमधून लस बनवणारे, साथ शोधणारे, औषधाची चाचणी करणारे निघायचे असतात.

आता दोन वर्षांच्या एमव्हीएससीत खरं संशोधन किती होतं ते बघा. पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये, सेमिनारमध्ये आणि ज्युनिअर पोरांची प्रॅक्टिकल्स घेण्यात जातं. सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, पास व्हायला दुसरं वर्ष उजाडतं. मग किटची ऑर्डर, म्हणजे कोटेशन, मंजुरी, परत कोटेशन, मार्च एंड, आणि किट हातात येतं तेव्हा थिसिस जमा करायला चार महिने राहिलेले असतात. मग पोरगं काय करतं, एलायझा नावाच्या तपासणीच्या प्लेटला ९६ खड्डे असतात, त्यातले चार-सहा कंट्रोलला, म्हणजे टेस्ट बरोबर चालतेय का ते बघायला, गेले, उरले नव्वद, झालं, सॅम्पल साइज नव्वद! मी हे चेष्टेने लिहीत नाहीये, माझ्या दवाखान्यात सॅम्पल घ्यायला येणाऱ्या पोरांना मी नेहमी विचारतो की बाबा नव्वदच का, शंभर का नाही, साठ का नाही, आणि बहुतेकदा उत्तर खड्ड्यांपाशीच येऊन थांबतं. स्टॅटिस्टिक्सचा पेपर पोरांनी चांगल्या मार्कांनी पास केलेला असतो, पण किती गोठे, किती गाई, कुठल्या गावातल्या, का त्याच, हे आधी बसून ठरवायचं असतं हे त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं. आणि विषय? कासदाहाचं प्रमाण अमुक शहर ‘इन अँड अराउंड’. गोचीड तमुक शहर ‘इन अँड अराउंड’. कृषीकोशवर आपल्याकडचे थिसिस ठेवलेले असतात, जाऊन बघा, हे ‘इन अँड अराउंड’ इतक्या वेळा भेटेल की कंटाळा येईल. शहराभोवती कारण गाडीला डिझेल तेवढंच मिळतं, यात पोरांचा काय दोष.

एक प्रसंग सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. ब्रुसेला नावाचा जंतू आहे, सांसर्गिक गर्भपात म्हणतो आपण, गाभण गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते, वार (जार) अडकते. एक पीजीची मुलगी याच विषयावर काम करत होती आणि माझ्या भागातल्या एका गोठ्यावर आली. टेस्ट अगदी साधी, पांढऱ्या टाइलवर गाईच्या सीरमचा एक थेंब, शेजारी रोझ बेंगालच्या गुलाबी अँटिजेनचा एक थेंब, काडीने ढवळायचं आणि टाइल हातात धरून हलवत राहायची, चार मिनिटांत बघायचं. निगेटिव्ह असेल तर गुलाबी पाणी तसंच गुळगुळीत राहतं, पॉझिटिव्ह असेल तर बारीक बारीक दाणे जमायला लागतात, कडेला आधी दिसतात. त्या गोठ्यातल्या गाभडलेल्या दोन्ही गाईंना दाणे आले, एकीला तर मिनिटभरात. मुलगी खूश, वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात गोठ्याचा मालक सहज म्हणाला की मॅडम, वार मीच काढली होती हाताने, दोन महिने झाले मला संध्याकाळचा ताप येतो, कंबर धरते, मलेरिया बघितला, टायफॉइड बघितला, दोन वेळा सलाइन झालं, काही निघत नाही. आता इथे खरं संशोधन समोर उभं होतं की नाही? त्या मुलीला कळत होतं, मला कळत होतं. पण तिच्या सिनॉप्सिसमध्ये माणूस नव्हता. माणसाचं रक्त घ्यायचं तर ह्यूमन एथिक्स कमिटीची परवानगी पाहिजे, ती मेडिकल कॉलेजला असते, तिथे तिच्या गाइडची ओळख नव्हती, आणि तिकडच्या एमडीच्या पोरांना गोठा काय असतो ते माहीत नव्हतं. मी त्या माणसाला चिठ्ठी देऊन ओळखीच्या फिजिशियनकडे पाठवला, त्यांनी तपासणी करून डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे दिलं, माणूस बरा झाला. थिसिसमध्ये मात्र गाईंचे टक्के आले, माणूस आलाच नाही. तो एकटा होता की त्या तालुक्यात असे अजून लोक आहेत हे आजही कुणाला सांगता येणार नाही.

आणि हे चित्र माझ्या तालुक्यापुरतं आहे असं मला वाटत नाही. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलासाठी लसीकरणाची मोठी योजना आणली, १३,३४३ कोटींची, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस द्यायची त्यात. लस जिवंत जंतूची आहे, टोचताना सुई डॉक्टरच्या हाताला लागली तर त्याला स्वतःला ताप येऊ शकतो. म्हणजे माणसाची बाजू आलीच. पण ती बाजू बघायला शिकलेला पशुवैद्य आणि जनावराची बाजू बघायला शिकलेला एमडी असे दोघं एका टेबलावर बसवणारं शिक्षण आपल्याकडे नाहीच.

गंमत म्हणजे जागेचा प्रश्न नाहीये. मुंबईत परळला जाऊन बघा. बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज १८८६ चं, शेजारीच बैलघोडा हॉस्पिटल, जवळच हाफकिन, जिथे प्लेगची लस बनत होती, पलीकडे केईएम आणि टाटा मेमोरियल. पायी फिरता येतील अशा अंतरावर जनावरांचं हॉस्पिटल, माणसांचं हॉस्पिटल, कॅन्सर हॉस्पिटल आणि लसीची संस्था, असं ठिकाण देशात दुसरं असेल तर मला दाखवा. आणि पुण्याचं म्हणाल तर आज बरेलीला जी आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, म्हणून मोठी संस्था आहे तिचा जन्मच पुण्यातला, १८८९ ला इथे इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून सुरू झाली, मग जंतूंचं काम वस्तीपासून लांब असावं म्हणून १८९३ ला मुक्तेश्वरच्या डोंगरात गेली. बुळकांडीचं नाव म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारा, गावंच्या गावं मोकळी व्हायची जनावरांची. त्या रोगावर या संस्थेने पिढ्यान् पिढ्या काम केलं आणि २०११ ला बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा संपलेला हा दुसराच रोग. हे काम इमारतींनी केलं नाही, ज्यांना सॅम्पल कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, कसं वाचायचं हे वर्षानुवर्षं हाताला धरून शिकवलं गेलं त्यांनी केलं.

अगदी ताजं उदाहरण लम्पीचं, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या आजाराचं, घ्या. २०२२ ला ऑगस्टमध्ये जळगावकडून साथ सुरू झाली आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, आम्ही तर रात्री-अपरात्री फिरून शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होतो. त्याच महिन्यात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आयव्हीआरआयसोबत बनवलेली देशी लस जाहीर झाली. ती लस काही त्या महिन्यात बनलेली नव्हती, २०१९ ला रांचीकडच्या जनावरांमधून मिळालेला विषाणू लॅबमध्ये पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून, दर वेळी थोडा थोडा सौम्य करत नेला होता. म्हणजे तीन वर्षांआधी कुणीतरी खपली नीट काढली, बर्फात ठेवली, वेळेत पोचवली, आणि फ्रीझर चालू राहिला म्हणून हे झालं. आमच्याकडच्या एका लॅबमध्ये उणे ऐंशीचा फ्रीझर शनिवार-रविवारच्या लाइट जाण्यात बंद पडला आणि एका पोराचं दीड वर्षाचं काम पाणी झालं. जनरेटर होता, डिझेल नव्हतं.

बाहेरच्या देशात हे कसं करतात ते सांगितलं की लोक म्हणतात झालं यांचं अमेरिका सुरू. पण एक-दोन गोष्टी सांगायलाच पाहिजेत. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ हा माणसांचा डॉक्टर आणि किलबोर्न हा जनावरांचा डॉक्टर या दोघांनी मिळून सिद्ध केलं की गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो. किडा-गोचीड रोग पसरवतात हे ठामपणे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या कामांपैकी ते आहे, मलेरिया आणि डासाचं कोडं सुटायच्या आधीचं. आणि पीटर डोहर्टी, ऑस्ट्रेलियातला व्हेटरनरी पदवीधर, त्याने पीएचडी केली एडिनबरोला, विषय काय तर गोचिडांमुळे मेंढ्यांच्या मेंदूला होणारा लूपिंग इल नावाचा आजार. आपल्या भाषेत सांगायचं तर मेंढरांचा डॉक्टर. पुढे शरीर स्वतःची विषाणू घुसलेली पेशी कशी ओळखतं हे त्याने झिंकरनागेल नावाच्या सहकाऱ्यासोबत शोधलं आणि १९९६ चं मेडिसिनचं नोबेल घेतलं.

आता बघा, त्या लूपिंग इलचा विषाणू आणि आपल्या दोडामार्ग-बांद्याकडचा माकडतापाचा विषाणू हे एकाच घराण्यातले, दोन्ही गोचिडीतून पसरणारे. माकडताप १९५७ ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात मेलेल्या माकडांवरून सापडला, शोधला पुण्याच्या विषाणू संस्थेने. २०१६ पासून तो सिंधुदुर्गात आहे, गोव्यात सत्तरीत त्याच्याही आधीपासून. माकडं मरतात, काजूच्या बागेत जाणारी माणसं मरतात, आणि गाई-म्हशींना काही होत नाही पण जंगलातल्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसल्या जातात. इतका सरळ सरळ जनावरांच्या डॉक्टरचा विषय! किती एमव्हीएससीची पोरं आज दोडामार्गात बसून गोचिडी मोजतायत? मी विचारून बघितलं तर उत्तर आलं, सर, तिथे राहायची सोय नाही आणि टीए, म्हणजे प्रवासभत्ता, मिळत नाही.

पैशांचं पण बोलायला पाहिजे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवणाऱ्यांना १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, घरभाडं वेगळं. ठीक आहे, बरं आहे. पण ते मिळवणारी पोरं मोजकी. बाकीचे एमव्हीएससी करतात ते थोड्याशा स्टायपेंडवर आणि बापाच्या पैशांवर, त्याच वयाचा, त्याच सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी करणारा रेसिडेंट त्याच्या कितीतरी पट घेत असतो. एमडी तीन वर्षांचं, आमचं दोन. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी पीएचडीच्या पोरांना रस्त्यावर बसावं लागलं हे तुमच्याच पेपरात छापून आलंय. मग एमपीएससीने २०२५ ला पशुधन विकास अधिकाऱ्याच्या २,७९५ जागा काढल्या तेव्हा पीजीची पोरं लॅब सोडून लायब्ररीत जाऊन बसली, तर कोणत्या तोंडाने त्यांना नावं ठेवायची? मी पण तेच केलं असतं. जागा भरल्या पाहिजेत, दवाखाने ओस पडलेत, हे आम्हालाच जास्त माहीत. पण एमव्हीएससी म्हणजे परीक्षेचा निकाल लागेपर्यंत हॉस्टेलची खोली ताब्यात ठेवायची सोय असं होऊन बसलंय, हे विद्यापीठात सगळ्यांना माहीत आहे आणि मोठ्याने कुणी बोलत नाही.

छापायच्या सक्तीबद्दल एक. यूजीसीने २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढली, यावर बरेच प्राध्यापक नाराज झाले. मला विचाराल तर बरं झालं. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी जर्नलं आम्हाला रोज ईमेल करतात, मला तर हृदयरोगाच्या परिषदेचं पण आमंत्रण येतं. त्यापेक्षा पोराची लॅबची वही तपासा ना. तारीख, लॉट नंबर, फसलेली टेस्ट, खोडलेलं खोडलेलंच ठेवलंय की पान फाडलंय, यावरून दहा मिनिटांत कळतं की हा संशोधक होणार का नाही. आमच्या वेळी बाहेरच्या परीक्षकाने वही मागितल्याचं मला आठवत नाही.

बरं, मग करायचं काय. फार मोठं काही नाही, नवीन इमारत तर अजिबातच नको. पहिली गोष्ट, सगळ्या कॉलेजांत मिळून दरवर्षी ब्रुसेला, कासदाह, गोचीड या विषयांवर थिसिस होतातच, तर सगळ्यांनी एकच पद्धत वापरा, तोच फॉर्म, त्याच टेस्ट, सॅम्पल कसं निवडायचं ते एकत्र बसून ठरवलेलं. म्हणजे पाच वर्षांत राज्याचा नकाशा आपोआप उभा राहील, आत्ता ते सगळे टक्के एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून वाया जातात. त्यातच प्रत्येक विभागाने एक-दोन तालुके कायमचे दत्तक घ्यावेत, जिथे व्हेटरनरीची पीजी पोरं आणि जवळच्या मेडिकल कॉलेजची मायक्रोबायोलॉजी किंवा पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) पोरं बरोबर जातील, एथिक्सची परवानगी दोन्हीकडची एकदाच, गाइड दोन, एक इकडचा एक तिकडचा. परळ आणि नागपूर इथे हे पुढच्या वर्षी सुरू करायला कुणाची आडकाठी असावी? फार तर तीन खात्यांच्या फायली एका टेबलावर याव्या लागतील, आणि मला माहितीय तेच सगळ्यात अवघड आहे, पशुसंवर्धन एका खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण दुसऱ्याकडे, आरोग्य तिसऱ्याकडे.

गाइड निवडायच्या आधी पोराला दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे आठवडे काम करू द्यावं, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीवाल्यांना असं फिरवतात, अमेरिकेत तर बायोमेडिकलच्या पीएचडीत ही रीतच आहे. आपल्याकडे जागा ज्याच्याकडे रिकामी त्याच्याकडे पोरगं, मग विषय आवडो न आवडो, माणूस पटो न पटो. आणि किट-केमिकल्सचे दर वर्षाच्या सुरुवातीला ठरवून टाका, प्रत्येक पोराने वेगळं कोटेशन मागत फिरायचं हा प्रकार बंद. यातलं एक जरी झालं तरी त्या ब्रुसेलाच्या मुलीसारखं काम अर्धवट राहणार नाही.

ती मुलगी आता नोकरीला लागलीय, चांगली डॉक्टर आहे, अजून कधीतरी फोन करते आणि त्या तालुक्यातल्या माणसांचं रक्त तपासायला हवं होतं म्हणते. पीएचडी करशील का विचारलं तर हसते.

तुम्हाला एक विनंती. दरवर्षी ॲडमिशनच्या पुरवणीत इंजिनिअरिंगला चार पानं आणि व्हेटरनरीला कटऑफची एक चौकट मिळते. एकदा तुमच्या नागपूरच्या वार्ताहराला त्या वन हेल्थ संस्थेच्या जागेवर पाठवा, आणि काम कुठवर आलं हे विचारताना सोबत हेही विचारायला सांगा की इथे पीएचडीच्या जागा किती असणार, त्यात पशुवैद्य किती आणि एमबीबीएस-एमडी किती, फेलोशिप कोण देणार आणि गाइड कोण. उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर तेही छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक पशुवैद्य, पश्चिम महाराष्ट्र
(सरकारी नोकरीत आहे, नाव छापू नये ही विनंती)